शिट्टी आणि शेपूट

आमच्या पीटीच्या सरांना मी उभं राहिलेलं फार कमी वेळा पाहिलं आहे. शाळेच्या मैदानाकडेला चिंचेखाली त्यांची लाल प्लास्टिकची खुर्ची असायची. खुर्चीत सर, सरांच्या तोंडात शिट्टी आणि शिट्टीपुढे आम्ही, पळत. किती फेऱ्या मारायच्या हे ते आधी सांगत नसत. शिट्टी वाजली की पळायचं, पुन्हा वाजली की थांबायचं. मधे त्यांना डुलकी लागली तर मात्र आमचे हाल कुत्रा खायचा नाही. एकदा असेच आम्ही पुढच्या तासाची घंटा होईपर्यंत पळत राहिलो. शेवटी एकानं खुर्चीजवळून जाताना धापा टाकत विचारलं, "सर, थांबू का?" सरांनी एक डोळा किलकिला केला आणि म्हणाले, "शिट्टीला उत्तर नसतं."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं होतं, "शरीर नोकर हाय रे, मालक नाय. नोकराला इचारायचा नसतो." हे म्हणताना त्यांचा स्वतःचा नोकर खुर्चीत इतका ऐसपैस पसरलेला असायचा की खुर्चीचे पाय मातीत रुतत.

मुलं त्यांना पाठीमागे 'शिट्टी' म्हणत. शहापुरात, खर्डीत, पार डोळखांबपर्यंत सरांचे जुने विद्यार्थी आहेत. कुणी रिक्षा चालवतो, कुणी तहसीलला शिपाई आहे, कुणी दोन-तीनदा निवडून आलेला आहे. पण बाजारात शिट्टी ऐकू आली तर आजही सगळे जागच्या जागी थबकतात आणि मग इकडेतिकडे बघून आपण थबकलोच नव्हतो असं दाखवतात. फक्त घरी शिट्टी चालत नसे. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "माज्या घरात एकच शिट्टी वाजल, ती कुकरची."

शिट्टीनंतर त्यांचं प्रेम फक्कीवर. मैदानावर पांढऱ्या रेषा मारायची ती पूड. सरांना रेघ मारल्याशिवाय जग सरळ दिसत नसे. स्कूटर लावायची जागा त्यांनी फक्कीनं आखून घेतली होती. मुलीच्या लग्नात मांडवात पंगतीला जायच्या वाटेवर त्यांनी फक्कीच्या लेन मारल्या आणि व्याह्यांना "आपापल्या लेनीत राहा" असं सांगितलं. व्याही मुरबाडकडचे मानी लोक. ते एका लेनीतून गेले खरे, पण त्यानंतर वर्षभर त्यांनी या घरचं पाणी घेतलं नाही.

इथपर्यंत सगळं गमतीचं. आता दोरीकडे येतो.

क्रीडासाहित्याच्या खोलीत दाराशेजारी एक खिळा होता आणि त्यावर काथ्याची दोन-अडीच हात लांब दोरी लटकलेली असायची. शर्यतीत जो शेवटचा येईल त्यानं सरांसमोर जाऊन पाठ करायची. सर म्हणत, "वळ." मग ती दोरी चड्डीच्या किंवा स्कर्टच्या पट्ट्यातून ओवून मागे दुहेरी गाठ मारत आणि टोक लोंबतं सोडत. शाळा सुटेपर्यंत ते मिरवायचं. याला 'शेपूट' म्हणत. शेवटचा येणाऱ्यालाही शेपूटच म्हणत. सरांच्या मते यानं मुलांत जिद्द निर्माण होते. माझ्यात तरी झाली नाही. मी सातवीपासून दहावीपर्यंत शेपूट होतो.

आमच्याकडे खरी पळणारी मुलं पाड्यांवरची. पण दिवाळी झाली की त्यांची कुटुंबं वीटभट्टीवर जायची, आणि शाळेच्या शर्यती नेमक्या त्यानंतर. म्हणजे सगळे वारे गेल्यावर उरलेल्या पाचोळ्यात आमची स्पर्धा असायची, आणि त्यातही मी शेवटी. लोक हसायचे त्याचं मला फार काही वाटत नसे. राग होता तो दोरीचा. बाकावर बसलं की काथ्या चड्डीतून टोचायचा. गणिताच्या तासाला पुढे सरकून बसावं तर गणिताचे सर फळ्याकडे बोलवायचे आणि मग सगळ्या वर्गाला मागून दर्शन. मला त्या दोरीचा फार राग होता. तो अजूनही गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

पुढे मी शिकलो आणि फिरून त्याच शाळेत मराठी शिकवायला लागलो. सर आता माझे सहकारी झाले. म्हणजे हजेरीपटावर. एरवी मी स्टाफरूममध्ये आलो की ते सगळ्यांना सांगत, "आमचं शेपूट हे. पन भाषण चांगलं करतं."

सरांची निवृत्ती वर्षभरावर आली तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी मुंबईकडचे सायकलवाले आमच्या रस्त्यानं मुरबाडच्या बाजूला जातात. अंगाला घट्ट चिकटलेले कपडे, काजव्यासारखे लुकलुकणारे दिवे, आणि रात्री आपल्याला झोप लागली की नाही हे सांगणारी मनगटावरची घड्याळं. ते दोघं-तिघं शेजारी शेजारी चालवत गप्पा मारत जातात हे सरांना सहन होईना. एका रविवारी ते नाक्यावर दूध आणायला उभे होते. त्यांनी गळ्यातली शिट्टी सणसणीत वाजवली आणि ओरडले, "लाइनीत चला!"

एक तरुण थांबला. पोलीस नाही हे बघून हसला आणि म्हणाला, "अंकल, आप स्पोर्ट्समन हो क्या?"

"पीटी टीचर."

"अरे वा! तो आ जाओ ना. हमारा ट्रायथलॉन है, इधर ही, मुरबाड रोड के तलाव पे. छोटावाला है, स्प्रिंट."

यात सरांना दोन ठिकाणी लागलं. एक, अंकल. दोन, 'छोटावाला'. पण स्प्रिंट या शब्दानं ते खूश झाले. पीटीच्या माणसाला स्प्रिंट म्हणजे शंभर मीटर. शिट्टी वाजली, चार श्वास घेतले, संपलं. त्यांनी तिथल्या तिथे नाव दिलं आणि सोमवारच्या परिपाठाला सगळ्या शाळेसमोर जाहीर केलं, "मुंबईच्या लोकांबरोबर स्पर्धेत उतरतोय. वर्षभरात रिटायर होनार, पन शेपूट होनार नाय. तुमच्यातला एक जरी हसला तरी मला सांगा." आमच्यातल्या एकानंही सांगितलं नाही, कारण सगळेच हसत होतो.

स्प्रिंट म्हणजे आधी तळ्यात पोहायचं, मग लगेच मुरबाडच्या रस्त्यावर सायकल दामटायची आणि वर शेतांतून पळायचं, हे सरांना नंतर कळलं. पण तोवर शाळेत बोलून झालं होतं. माघार घेतली असती तर सोमवारी पोरांसमोर तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होता. तीस वर्षं ज्यांना शेवटच्या मुलाकडे बोट दाखवून हसायला शिकवलं ती पोरं आता यांच्याकडे बघून बसली होती. म्हणून सरांनी सराव सुरू केला. सराव म्हणजे पहाटे खुर्ची घेऊन मैदानावर जाणं. एक फेरी चालत, मग खुर्ची. मग अर्धी फेरी, मग खुर्ची. काकू म्हणाल्या, "खुर्चीची स्पर्धा असती त पयला नंबर होता."

स्पर्धेआधी आयोजकांकडून एका बाईचा फोन आला. सरांनी तो स्टाफरूममध्ये स्पीकरवर ठेवला. बाई मधाळ आवाजात म्हणाल्या, "अंकल, स्विमिंग के लिए अपना बॉय लाना कंपल्सरी है हं. विदाउट बॉय पानी में एंट्री नहीं." सरांनी फोन ठेवला आणि गंभीरपणे आमच्याकडे पाहिलं.

"बॉय लागतो," ते म्हणाले. "टेनिसात नसतो का बॉल उचलायला? तसा. कपडे धरायला असेल."

मग त्यांची नजर सगळ्यांवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली.

"शाळेतलं पोरगं नेलं त पालकांची परवानगी, हेडमास्तरांची सही, नसती लफडी. तू चल रे."

मी चाळिशीचा, चष्म्याचा, पोट सुटलेला मराठीचा शिक्षक. तरी लगेच हो म्हणालो. कारण उघड आहे. सरांना शेवटचं येताना बघायचं होतं, आणि अगदी जवळून बघायचं होतं.

एका पालकांचा भेंडीचा टेम्पो त्या दिवशी मुरबाडला चालला होता. त्यात आम्ही सरांची काळी, कॅरियरवाली सायकल चढवली. ती गडगडू नये म्हणून सरांनी बांधायला शाळेतून दोरी आणली होती. तीच. खिळ्यावरची. मी ती ओळखली. तिनंही मला ओळखलं असावं, कारण गाठ मारताना तळहाताला लगेच टोचली.

तळ्यावर सगळा थाटमाट होता. कमानी, झेंडे, आणि लाउडस्पीकरवर आमच्याच भागातला एक क्रिकेटच्या सामन्यांचं समालोचन करणारा तरुण. आयोजकांकडची एक पोरगी सरांचा नंबर लिहून घेत म्हणाली, "अंकल, आपका बॉय?"

सरांनी माझ्या पाठीत हात घालून मला पुढे ढकललं. "हा काय."

तिनं माझा चष्मा पाहिला, पोट पाहिलं, हातातला चहाचा थर्मास पाहिला. मग तिनं दुसरीला बोलावलं, दुसरीनं तिसऱ्याला, आणि ते सगळे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसले. बॉय म्हणजे पोहणाऱ्याच्या कमरेला बांधायचा केशरी फुगा. तो पाण्यावर तरंगतो, म्हणजे माणूस कुठे आहे ते लांबून दिसतं, आणि दमला तर धरताही येतो.

सर माझ्यावर उखडले. "तुला म्हाईत नव्हतं? शिकलेला ना तू?"

"मी मराठीचा आहे, सर."

फुग्याशिवाय सोडणार नाही म्हणजे नाही, असं आयोजकांनी सांगितलं. क्षणभर मला वाटलं, सर सुटले. पोहण्याआधीच बाद, तेही फुग्यापायी, यात कसली लाज? पण काठावर भांडी घासायला आलेल्या जवळच्या पाड्यातल्या एक बाई हे सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरांना पोवाया शिकवतो तो भोपला हाय घरी. चालल का?" आणि उत्तराची वाट न पाहता गेल्या आणि कलशाएवढा वाळका भोपळा घेऊन आल्या. तो केशरी नव्हता, म्हणून एका स्वयंसेवकानं आपला केशरी टी-शर्ट काढून भोपळ्याला घातला. भोपळ्याला तो स्वयंसेवकापेक्षा जास्त शोभत होता. बाईंनी बजावलं, "मानूस बुडला त बुडला, भोपला माजा परत पायजे."

आता तो बांधायचा कशानं? सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सरांनी टेम्पोकडे बोट दाखवलं. मी जाऊन दोरी सोडून आणली.

"बांध," सर म्हणाले.

"वळा," मी म्हणालो.

आणि सर वळले. हे मी आयुष्यात विसरणार नाही. उघड्या अंगाचे, शाळेची निळी हाफपँट घातलेले, हात बाजूला धरून पाठमोरे उभे राहिलेले सर. मी दोरी पट्ट्यातून ओवली, मागे दुहेरी गाठ मारली, अगदी त्यांनीच शिकवल्यासारखी, आणि लोंबत्या टोकाला भोपळ्याची मान अडकवली. गाठ जरा जास्तच आवळली. मला फार बरं वाटलं.

काठावर सर एका स्वयंसेवकाला विचारत होते, "लेन कुठं हाय?"

"तळ्यात लेन नसते, अंकल."

"मग मानूस सरळ जानार कसा?"

प्रश्न रास्त होता. एका मुलीनं शिट्टी वाजवली. बाकीचे धाडकन पाण्यात गेले. सर काठावरच उभे राहिले. दुसऱ्या कुणाची शिट्टी ऐकून पळायची त्यांना सवयच नव्हती. "हिच्या शिट्टीत दम नाय," असं त्यांनी मला सांगितलं आणि मग पाण्यात उतरले. विहिरीत शिकलेलं पोहणं, मान वर, हात कुऱ्हाड चालवल्यासारखे, मागे टी-शर्ट घातलेला भोपळा. लेन नव्हती म्हणून ते डावीकडे वळत वळत थेट पलीकडच्या काठाला निघाले. तिथे म्हशी बसल्या होत्या. लाउडस्पीकरवरचा तरुण क्रिकेटच्या सवयीनं म्हणाला, "आणि आपले ज्येष्ठ स्पर्धक चाललेत सीमारेषेकडे!" शेवटी होडीतल्या मुलांनी म्हशींच्या अलीकडे त्यांना गाठलं आणि हाकत हाकत परत आणलं.

ते बाहेर आले तेव्हा बाकीचे सायकलवर बसून गेले होते. भोपळा दोरीतून निसटून बाईंच्या हाती लागला. "भोपला भेटला," त्या समाधानानं म्हणाल्या, "मानसाचं तुमी बगा." दोरी मात्र कमरेलाच राहिली. काथ्या भिजून फुगला होता आणि गाठ सुटेना. प्रथमोपचाराच्या तंबूतल्या मुलीनं कात्री आणली. सर दोन पावलं मागे सरले.

"कापायची नाय! डेडस्टॉकातली, शाळेच्या नोंदवहीत चढवलेली वस्तू हाय. मी रिटायर व्हायच्या आधी तपासनी हाय."

त्यांनी लोंबतं टोक कमरेत खोचलं आणि सायकलवर टांग टाकली. पहिल्या चढाला टोक सुटून बाहेर आलं. मी मागून पाहत होतो, कारण शेवटच्या स्पर्धकामागे आयोजकांची एक मोटरसायकल असते, तिच्यावर मला बसवलं होतं. पुढे काळी सायकल, सायकलवर सर, आणि सीटमागे लोंबणारं, खड्ड्याखड्ड्याला उडणारं शेपूट. चालवणारा मुलगा म्हणाला, "सर, त्यांना सांगू का, दोरी लोंबतेय?" मी म्हणालो, "नको. त्यांची एकाग्रता जाईल." रस्त्याकडेच्या गावांत लोक स्पर्धा संपली असं समजून आपापल्या कामाला लागले होते. एक म्हातारा ओट्यावरून ओरडला, "ओ दूधवाले, रतीब घालता का आमच्याकडं?"

पळण्याचा रस्ता शेतांतून जाणारा, मोटरसायकल तिथे शिरेना. मग मी पाण्याची बाटली घेऊन पायीच निघालो. कापणी झालेली उघडी शेतं, कुठे कुठे भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचा धूर, आणि लांबून तळ्याकडून बाकीच्या स्पर्धकांना वाढल्या जाणाऱ्या उपम्याचा वास. सर आधी पळाले, मग चालले, मग एका बांधावर बसले. बसताना एकदम कळवळून उठले, मागे हात लावला, पुन्हा जरा सावरून बसले. तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं.

मी जवळ गेलो. इतका वेळ मला मजा येत होती. आता भीती वाटली. साठीला आलेला माणूस, शुगरचा त्रास, आणि ऊन चढत चाललेलं.

"सर, बास करूया. गाडी बोलावतो."

"पाय ऐकत नाय रे," ते म्हणाले. नोकरानं सरळ काम सोडलं होतं.  मग माझ्याकडे न बघता, धुराकडे बघत म्हणाले, "तू दर साली शेवटचा यायचास."

"हो सर. मला आठवतंय."

"पन मधेच सोडला नाय कदी. बाकीची पोरं पोटात दुखतंय म्हनून बसायची. तू नाय बसलास. कसा पुरा करायचास रे?"

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. एवढी वर्षं मला वाटायचं की चिंचेखाली त्यांना फक्त शेवटी कोण आलं तेवढंच दिसतं. मला बरं वाटलं, आणि अशा माणसाच्या बोलण्यानं बरं वाटावं याचा मला संतापही आला.

"तुमची शिट्टी वाजत असायची, सर," मी म्हणालो. "थांबायची सोय नव्हती."

 त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली. ती शिट्टी त्यांच्या गळ्याबाहेर मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी ती हाफपँटला पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"वाजव."

मी वाजवली. आधी हळूच. सर उठले. मग जोरात. सर चालायला लागले. मग मी छाती भरून वाजवली, सातवीच्या, आठवीच्या, नववीच्या, दहावीच्या सगळ्या शर्यती आठवून आठवून वाजवली, आणि सर पळायला लागले. एकदा वळून म्हणाले, "जरा दम खाऊ दे रे." मी शिट्टी काढून म्हणालो, "शिट्टीला उत्तर नसतं, सर," आणि पुन्हा वाजवली. शेतातली माणसं कामं सोडून बघायला लागली. पुढे शेपटासकट सर, मागे शिट्टीसकट मी.

तळ्याजवळ आलो तर कमानीतली हवा काढून ती गुंडाळायला घेतली होती. जमिनीवरची पांढरी रेघ मात्र अजून होती. लाउडस्पीकर जागा झाला, "आणि आता येताहेत आपले सर्वांत शेवटचे..." सर रेघेच्या अलीकडे थांबले. आधी रेघ निरखली. "वाकडी मारलीय," म्हणाले. मग मला जवळ बोलावलं.

"तू माज्या मागनं रेघ ओलांड."

"माझा नंबर नाही, सर. मी स्पर्धेत नाही."

"बॉय कंपल्सरी होता ना? मग बॉय पन स्पर्धेतच."  मग हळूच म्हणाले, "ये रे मागनं. सोमवारी शाळा हाय."

त्यांच्या आवाजात शिट्टी नव्हती. माणूस इतका दमला होता की रेघेपलीकडे कोसळला असता, आणि तरी त्याला चिंता होती ती पोरांच्या हसण्याची. मला हसू आलं, कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचीच चीड आली. सरांनी रेघ ओलांडली. मागून मी ओलांडली. आयोजकांनी सरांना पदक घातलं आणि वर एक करंडक दिला, कारण त्यांच्या वयोगटात ते एकटेच होते आणि म्हणून पहिले आले होते.

घरी काकूंनी दारातच पाहिलं, सरांना वळवलं आणि विळ्यानं दोरी कापून चुलीत टाकली. डेडस्टॉक वगैरे काही ऐकून घेतलं नाही.

सोमवारी परिपाठाला सरांना व्यासपीठाच्या दोन पायऱ्याही चढवेनात, म्हणून ते खालूनच बोलले. करंडक वर धरला. "वयोगटात पयला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरं शांत झाली तशी सहावीतली एक मुलगी उभी राहिली. त्याच हिवाळ्यात ती शेवटची आली होती आणि दिवसभर दोरी घेऊन वर्गात बसली होती. ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सर, मंग शेपूट कोन आला?"

सगळी शाळा कान टवकारून उभी. सरांनी माझ्याकडे हात केला. "मराठीचे सर."

हशा उसळला. मी पुढे गेलो आणि सवयीनं, खरंच निव्वळ सवयीनं, सरांकडे पाठ करून उभा राहिलो. पोरं आणखीच खदखदली. तेवढ्यात त्या मुलीचा आवाज पुन्हा आला.

"पन सर, नाक्याच्या फ्लेक्सवर त तुमालाच हाय ना शेपूट."

हसणं एकदम थांबलं. मी वळून पाहिलं. सरांना फ्लेक्सचं काही माहीतच नव्हतं.

जुन्या विद्यार्थ्यांच्या मंडळानं रातोरात फ्लेक्स लावला होता. येता येता आम्ही सगळ्यांनी पाहिला होता, फक्त सरांनी नाही. त्यांना त्या दिवशी अभिनंदनाला आलेल्या व्याह्यांनी गाडीतून मागच्या रस्त्यानं आणून सोडलं होतं. परिपाठ संपल्यावर ते फाटकातून बाहेर पडून नाक्याकडे निघाले. मी मागून गेलो. शिट्टी अजून माझ्याच खिशात होती.

नाक्यावर शुभेच्छुकांचे गॉगल घातलेले चेहरे, 'तालुक्याची शान' अशी अक्षरं, आणि मधोमध सर. फोटो बाजूनं काढलेला. पुढे झुकलेले, तोंड वासलेले, डोळे मिटत आलेले, आणि मागे हवेत उडणारी हातभर दोरी. बरीच मागे एक अस्पष्ट आकृती होती, गाल फुगवलेली. तो मी.

सर फ्लेक्ससमोर उभे राहिले. रिक्षावाले बघत होते, कुणी हसलं नाही.

"तुला दिसत होती?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

त्यांनी मान हलवली. हात नकळत पाठीमागे, कमरेखाली गेला आणि तिथेच राहिला.

"टोचते रे," ते म्हणाले.

"हो सर," मी म्हणालो. "बसलं की जास्त."